पाइक, फ्लाय आणि काठी : एक उलटा हिशेब

'पाईक' हा शब्द ऐकला की आपणा मराठी माणसांपुढे हातात शस्त्र घेतलेला पायदळातला शिपाई उभा राहतो. नाही तर तुकोबांचे पाइकाचे अभंग आठवतात. प्रस्तुत लेखातला पाइक मात्र पाण्यात राहतो. युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिका येथील थंड तळ्यांतला व संथ नद्यांतला हा शिकारी मासा आहे. इंग्रजीत 'पाइक' म्हणजे लांब दांड्याचा भाला. माशाचे तोंड निमुळते व टोकदार, म्हणून भाल्याचे नाव त्याला मिळाले. आपला पाईक आणि त्यांचा पाइक यांची कुळे वेगळी. पण दोघेही लढवय्येच निघाले, ही गंमत आहे.

बेळगावच्या एका वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला या परदेशी माशाचे काय पडले आहे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर माझ्या मामेभावापाशी आहे. आम्ही त्याला दादा म्हणतो. दादा आयर्लंडमध्ये शॅनन नदीच्या काठी एका गावात नोकरीला आहे आणि तिथे त्याला पाइकचा नाद लागला. रजेवर आला तेव्हा त्याने आपली एक जुनी काठी, दोरी आणि पिसांनी भरलेली एक डबी माझ्याकडे ठेवली. तेव्हापासून संध्याकाळी मैदान मोकळे झाले की गळाऐवजी लोकरीचा गोंडा बांधून मी दोरी फेकण्याचा सराव करतो. येणारेजाणारे हसतात, हसोत बापडे. दादाने सांगितलेले अनुभव, त्याने दिलेली पुस्तके आणि मैदानावरचा माझा सराव एवढ्या भांडवलावर हा लेख उभा आहे.

लेखाचा मुद्दा एकच आहे. 'पाइकसाठी काठी कोणती घ्यावी?' या प्रश्नाचे उत्तर काठीपासून सुरू करू नये. आधी मासा, मग फ्लाय, मग दोरी आणि सर्वांत शेवटी काठी, असा हा हिशेब उलटा मांडावा लागतो. तो सुलटा मांडला तर पैसे वाया जातातच, पण त्याहून वाईट म्हणजे एखादा मासा उगाच जिवाला मुकतो.

मासा कसा आहे?

आपल्या तळ्यांतली मरळ ज्यांनी पाहिली आहे त्यांना पाइकचा स्वभाव समजायला वेळ लागणार नाही. मरळ जशी पाणवनस्पतींच्या आडोशाला निश्चल राहून बेडकाची किंवा लहान माशाची वाट पाहते, तसाच पाइकही दबा धरून बसतो. दोघांची जात मात्र अगदी निराळी. मरळ पृष्ठभागावर येऊन हवेतला श्वास घेऊ शकते. पाइकला पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवरच भागवावे लागते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

पाइकचा पाठीवरचा पर पार मागे, शेपटीजवळ असतो. शेपूट आणि हे मागचे पर मिळून जणू एक मोठे वल्हे तयार होते, आणि बसल्या जागेवरून तो बाणासारखा सुटतो. पण ही चपळाई थोड्या अंतरापुरतीच. लांबवर पाठलाग करणे हा त्याचा पिंड नव्हे. त्याच्या खालच्या जबड्यात मोठे धारदार सुळे असतात आणि टाळूवर आतल्या बाजूला वळलेले असंख्य बारीक दात. एकदा तोंडात गेलेले भक्ष्य बाहेर येऊ नये अशी ती योजना आहे. त्याचे भक्ष्य म्हणजे रोच, पर्च, ट्राउट असे मासे, शिवाय बेडूक आणि प्रसंगी बदकाची पिलेसुद्धा.

आकाराने हा मासा चांगलाच वाढतो. मोठे पाइक बहुधा माद्याच असतात. गळाने धरलेल्या पाइकचा मान्य जागतिक विक्रम १९८६ साली जर्मनीत झाला. त्या माशाचे वजन सुमारे २५ किलो होते.

म्हणजे आपल्यापुढचे गिऱ्हाईक असे आहे : मोठ्या घासाचे, धारदार दातांचे, गवतात दडून राहणारे, आणि एकाच धडकेत सारी ताकद लावणारे. पुढची सगळी खरेदी या चार गुणांवरून ठरते.

फ्लाय-फिशिंग म्हणजे काय?

आपल्याकडे कोणी गळ म्हणतात, कोणी गरी म्हणतात. आमचे कन्नड मित्र गाळ म्हणतात. शब्द बदलला तरी रीत तीच. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावायची, शिसाचा तुकडा बांधायचा आणि पाण्यात टाकायचे. या रीतीत शिसाचे किंवा आमिषाचे वजन पुढे जाते आणि बारीक दोरी त्याच्या मागून ओढली जाते.

फ्लाय-फिशिंगमध्ये याच्या बरोबर उलट घडते. 'फ्लाय' म्हणजे गळावर पिसे, केस आणि धागे बांधून केलेले खोटे भक्ष्य. मुळात ट्राउटसाठी ते माशीसारखे करीत, म्हणून हे नाव. पाइकची फ्लाय मात्र माशीसारखी नसते, लहान माशासारखी असते. ती इतकी हलकी की तिच्या वजनावर काही फेकणे शक्यच नाही. म्हणून येथे दोरीलाच वजन दिलेले असते. जाड, मऊ आवरणाची दोरी हवेत मागे-पुढे झुलवून सोडायची आणि तिच्या टोकाला बांधलेली फ्लाय तिच्यामागून जाते.

बैलगाडीवानाचा आसूड डोळ्यांपुढे आणा. मूठ हातात, वादी लांब, आणि टोकाला गोंडा. मुठीला दिलेला झटका वादीतून लाटेसारखा धावतो आणि गोंड्यापाशी फुटतो. काठी, दोरी आणि फ्लाय यांचे नाते हेच आहे. वादी हलकी आणि गोंडा मोठा असेल तर आसूड वाजणार नाही, अंगावर मात्र येईल. पाइकच्या फ्लायचेही तसेच.

फ्लायची निवड

आता हिशेबाला सुरुवात करू. पाइकचा घास मोठा, म्हणून फ्लायही मोठी. साधारणपणे चार ते आठ इंच लांबीच्या फ्लाय वापरतात. दादाच्या डबीत सहा इंची जास्त आहेत. गळाचे आकार २/० ते ६/० या क्रमांकांचे. या मापात शून्याच्या आधीचा आकडा जितका मोठा तितका गळ मोठा, हे नवख्याने लक्षात ठेवावे.

फ्लाय निवडताना तीन प्रश्न विचारावेत. पहिला, ती पाण्यात केवढी दिसते? दुसरा, ती पाण्याबाहेर किती वजनाची होते? तिसरा, ती कोणत्या खोलीवर चालते?

यांतला दुसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. सशाच्या कातड्याची पट्टी लावलेली फ्लाय पाण्यात फार सुंदर हलते, अगदी जिवंत वाटते; पण ती पाणी पिते आणि भिजलेल्या फडक्यासारखी जड होते. उलट हरणाच्या शेपटीचे केस किंवा कृत्रिम तंतू पाणी धरीत नाहीत. एक-दोनदा हवेत झुलवले की पाणी झटकले जाते. म्हणून सुरुवातीला कृत्रिम तंतूंची किंवा केसांची फ्लाय बरी. ती पाण्यात भरदार दिसते आणि हवेत हलकी राहते, म्हणजे थोड्या वजनात जास्त देखावा.

नमुन्यांपैकी दोन नावे सांगण्याजोगी आहेत. 'डिसीव्हर', म्हणजे फसवणारी, ही फ्लाय अमेरिकेचे लेफ्टी क्रे यांनी समुद्रातल्या माशांसाठी तयार केली. तिची लांब पिसे मागच्या टोकाला बांधलेली असल्याने ती फेकताना गळाभोवती गुंडाळत नाहीत. १९९१ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने या फ्लायचे चित्र तिकिटावर छापले. दुसरी बॉब क्लाउझर यांची फ्लाय. तिच्या डोक्याशी धातूचे दोन डोळे असतात. दोरी ओढून थांबवली की ती डोके खाली करून बुडते आणि ओढली की वर उसळते. जखमी माशाची ही चाल पाइकला मोह घालते. दोन्ही नमुने मुळात दुसऱ्या माशांसाठी केलेले, पण मोठ्या आकारात पाइकलाही उत्तम चालतात.

रंगाच्या बाबतीत ढोबळ नियम असा : पाणी निवळ असेल तर पांढरा, रुपेरी किंवा तिथल्या माशांसारखा हिरवट रंग, पाणी गढूळ किंवा चहासारखे तांबूस असेल तर नारिंगी, पिवळा किंवा काळा. आयर्लंडमधील पुष्कळ तळ्यांचे पाणी दलदलीच्या मातीमुळे तांबूस असते, म्हणून दादाच्या डबीत नारिंगी रंग अधिक आहे.

येथे आपल्या देशाशी असलेला एक धागा सांगितल्यावाचून राहवत नाही. दक्षिण स्कॉटलंडमधल्या लॉक केन या तळ्यात अठराव्या शतकात ७२ पौंडांचा पाइक धरल्याची कथा प्रसिद्ध आहे, आणि तो मोराच्या पिसाच्या फ्लायवर लागला असे जुन्या पुस्तकांतून सांगितले जाते. वजनाबद्दल मतभेद असोत, पण मोर मूळचा आपलाच. तसाच आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा, म्हणजे कन्नडमधला काडुकोळि. त्याच्या मानेवरची चकचकीत ठिपक्यांची पिसे फ्लायला डोळा म्हणून लावण्याची तिकडे मोठी हौस होती. आज हा पक्षी आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. तिकडे पाळलेल्या पक्ष्यांची पिसे किंवा प्लॅस्टिकचे डोळे वापरतात. खानापूरच्या जंगलात आरवणाऱ्या कोंबड्याने आपली मान आपल्यापाशीच ठेवावी हे उत्तम.

दोरी आणि तोळ्याचा हिशेब

फ्लाय ठरली की ती वाहून नेणारी दोरी ठरते. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील मासेमारी-साहित्य उत्पादकांच्या संघटनेने दोऱ्यांना क्रमांक दिले. दोरीच्या टोकाकडच्या पहिल्या ३० फुटांचे वजन ग्रेनमध्ये मोजायचे आणि त्यावरून क्रमांक ठरवायचा, अशी ही पद्धत आहे. ५ नंबर म्हणजे १४० ग्रेन, ८ नंबर म्हणजे २१०, ९ नंबर म्हणजे २४० आणि १० नंबर म्हणजे २८० ग्रेन.

ग्रेन म्हटले की आपला गोंधळ होतो. पण आपला जुना तोळा १८० ग्रेनचाच होता! तेव्हा सोनाराच्या तराजूने पाहा. ५ नंबरची दोरी म्हणजे पाऊण तोळ्याहून किंचित जास्त. ९ नंबर म्हणजे एक तोळा आणि वर त्याचा तिसरा हिस्सा. १० नंबर म्हणजे दीड तोळ्याहून थोडी अधिक. पाऊण तोळ्याच्या वादीने सहा इंची ओला गोंडा फेकायचा की दीड तोळ्याच्या, याचे उत्तर कोणीही देईल. पाइकसाठी ८ ते १० हे क्रमांक योग्य आहेत. मध्यम आकाराच्या फ्लायला ८ पुरतो. सर्वसाधारण कामाला ९ उत्तम. फार मोठ्या फ्लायला आणि वाऱ्याच्या तळ्यावर १० घ्यावा.

शिवाय दोरीचे वजन पुढच्या टोकाकडे एकवटलेले असावे, म्हणजे जड फ्लाय सरळ उलगडून पडते. उथळ पाण्यात व गवतावर तरंगणारी दोरी चालते. चार-सहा फूट खोलीवर सावकाश बुडणारी दोरी सोयीची. सुरुवातीला या दोन असल्या म्हणजे झाले.

आता काठी

इथवर आलो म्हणजे काठीचा प्रश्न जवळजवळ सुटलेलाच असतो. काठीवर लिहिलेला क्रमांक म्हणजे ती कोणत्या दोरीसाठी केली आहे याची खूण. ९ नंबरची दोरी तर ९ नंबरची काठी. लांबी नऊ फूट ही सर्वमान्य.

जुन्या काळी या काठ्या बांबूच्या कामट्या जोडून करीत. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी आपल्याकडून जाणारा 'कलकत्ता' बांबू वापरात होता; पुढे दक्षिण चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. त्यानंतर काचतंतू आणि १९७० नंतर कार्बन-तंतू आले. कार्बनची काठी हलकी असते, आणि दिवसभर दीड तोळ्याची दोरी झुलवणाऱ्या मनगटाला ते मोठे वरदान आहे.

काठी पाहताना केवळ शेंडा हलवून पाहू नये. मुठीच्या वरचा तिसरा हिस्सा, म्हणजे बुंधा, कसा आहे ते पाहावे. पाइक लागला की तो गवतात घुसू पाहतो. त्या वेळी त्याला वळवायचे काम शेंडा करीत नाही, बुंधा करतो. बुंध्यात दम हवा, पण काठी इतकीही ताठ नको की नवशिक्याला तिचा बाक जाणवूच नये.

एक बारीक गोष्ट. ट्राउट धरणारे लोक मासा लागताच काठी वर उचलतात. पाइकचे तोंड हाडाचे. काठी उचलली तर शेंडा वाकतो आणि गळ रुततच नाही. काठी पाण्याकडे रोखून डाव्या हाताने दोरी जोरात मागे ओढावी, हा नियम आहे.

तार विसरू नये

दोरी आणि फ्लाय यांच्यामध्ये नायलॉनचा एक जोड असतो, त्याला लीडर म्हणतात. पाइकसाठी तो २० ते ३० पौंड ताकदीचा घेतात. परंतु फ्लायच्या लगत किमान एक फूट धातूची बारीक, लवचिक तार असलीच पाहिजे. पाइकच्या सुळ्यांपुढे नायलॉन म्हणजे कात्रीपुढे सुतळी.

दादाचा पहिला अनुभव येथे सांगणे भाग आहे. नवखा असताना तो एका दुकानात गेला. दुकानदाराने ट्राउटची ५ नंबरची देखणी काठी पुढे केली आणि 'पाइकलाही चालेल' असे सांगितले. सगळे पैसे काठीत गेले; तारेचे नावही निघाले नाही. पहिला पाइक लागला आणि क्षणात नायलॉन तोडून गेला. गळ त्याच्या जबड्यातच राहिला. दुसरा कसाबसा ओठाच्या कडेला अडकला, म्हणून दोर वाचला. पण काठी इतकी नाजूक की त्याला ओढून आणायला जवळजवळ पाव तास लागला. दिवस उन्हाळ्याचे होते. मासा हाती आला तेव्हा थकून आडवा झाला होता. दादाने त्याला पाण्यात धरून ठेवले, पण तो पुन्हा सरळ झाला नाही. ही हकीकत सांगताना दादा आजही गप्प होतो.

पाण्यातला प्राणवायू उन्हाळ्यात कमी होतो, आणि पाइकला मरळीसारखी वरच्या हवेची सोय नाही, हे वर सांगितलेच आहे. म्हणजे ८-९ नंबरची भक्कम काठी ही केवळ धरणाऱ्याची चैन नव्हे. झुंज लवकर संपवून मासा जिवंत सोडता यावा यासाठी ती आहे.

अंदाजपत्रक

आता माझ्या विषयाकडे येतो. आमच्या खर्चलेखा-शास्त्रात वस्तूची किंमत आणि तिचे काम यांची सांगड घालायला शिकवतात. एकूण रकमेचे शंभर भाग केले, तर मी ते असे वाटीन : काठीला ३५, दोन दोऱ्यांना ३०, फ्लाय व तार यांना १५, मासा सोडवण्याच्या साहित्याला १० आणि रिळाला १०.

रिळाला इतके कमी का? कारण पाइक लांबवर धावत नाही. समुद्रातल्या माशासाठी रिळाला चांगला ब्रेक लागतो. पाइकसाठी रीळ म्हणजे मुख्यत्वे दोरी गुंडाळून ठेवण्याची जागा. दोरीला इतके जास्त का? कारण फेकण्याचे काम तीच करते आणि घसाराही तिचाच जास्त. काठी नीट वापरली तर वर्षानुवर्षे टिकते, दोरीचे आवरण मात्र झिजते व चिरते. दुकानात उजेडाखाली मांडलेली असते काठी, म्हणून गिऱ्हाईकाची नजर तिच्यावर जाते. पण जे नजरेत भरते ते आणि जे काम करते ते, यांत फरक असतो. फ्लाय स्वतः बांधायला शिकले तर खर्च आणखी उतरतो.

सोडवण्याचे साहित्य

या दहा भागांत काटकसर करू नये. लांब चिमटा, तार कापणारी पक्कड, मोठी मऊ जाळी आणि मासा ठेवायला ओली गादी, इतके हवेच. गळाचा उलटा काटा पकडीने आधीच चेपून टाकावा, म्हणजे गळ सहज निघतो. हात ओले करून माशाला धरावे; बोटे कल्ल्यावरच्या झाकणाखाली कडेने सरकवावीत, लाल कल्ल्यांना लागू देऊ नयेत. पाण्यात सरळ उभा राहीपर्यंत आधार द्यावा आणि मग सोडावे. ऐन उन्हाळ्यात पाणी तापले असेल तर काठी घरीच ठेवावी.

आयर्लंडमध्ये २००६ साली नियम झाला, त्यात दिवसाला एकाच पाइकची परवानगी ठेवली आणि ५० सेंटिमीटरहून मोठा पाइक मारण्यास मनाई केली. मोठ्या माद्याच पुढची पिढी वाढवतात, तेव्हा हे मुद्दल राखून व्याजावर जगण्यासारखे आहे. वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

आपल्या घटप्रभेत किंवा मलप्रभेत पाइक नाही आणि तो आणूही नये. परक्या शिकारी माशाने तळ्याचा तोल बिघडतो. पण हिशेबाची ही रीत आपल्याला उपयोगी आहे. मरळ असो, महसीर असो, की दुसरे कोणतेही काम असो, समोरच्याचा स्वभाव आधी ओळखावा, मग साधनाकडे वळावे आणि शेवटी दुकानाची पायरी चढावी. ज्यांना दोरी फेकण्याची रीत पाहायची इच्छा असेल त्यांनी संध्याकाळी मैदानावर अवश्य यावे. लोकरीचा गोंडा कोणाला लागत नाही, एवढी हमी मी देतो.